कृषी कार्यालयातल्या लिपिकांची संघटना नेमकं काय मिळवून देते?

वर्गणीची पावती फाडताना एक प्रश्न हमखास येतो: संघटनेनं आजवर काय मिळवून दिलं? विचारणारा बहुतेक वेळा नवा असतो. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन लिपिक झालेला, जिंतूरला किंवा भूमला तालुका कृषी अधिकारी कार्यालयात नुकताच रुजू झालेला. शनिवार-रविवार सुट्टी असते, दहा वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळते, बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, एवढं त्याला माहीत असतं. हे सगळं पहिल्यापासून असंच होतं असं त्याला वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सांगणाऱ्यांचंही थोडं चुकतं. अधिवेशनाच्या अहवालात शासन निर्णयांच्या तारखा एकाखाली एक छापलेल्या असतात आणि त्यालाच आपण ‘संघटनेची कामगिरी’ म्हणतो. त्या तारखांमागे काय बदललं, हे त्या पानावरून कळत नाही. माझं म्हणणं असं की संघटनेच्या कमाईतला पैसा हा दिसणारा भाग आहे. त्याच्या मुळाशी दुसरी गोष्ट आहे: पूर्वी जे साहेबांच्या मर्जीवर होतं, ते कागदावर आलं, त्याला मुदत लागली आणि मुदत चुकली तर दाद मागण्याची जागा मिळाली. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे शासन निर्णय समजायला सोपे जातात.

कोणाची संघटना, कोणत्या कार्यालयातली?

राज्याच्या कृषी विभागाचं मुख्यालय म्हणजे पुण्याचं कृषी आयुक्तालय. त्याखाली विभागीय कृषी सहसंचालक, मग जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, उपविभागीय कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी आणि मंडळ कृषी अधिकारी अशी उतरंड आहे. महसुली विभाग म्हणून मराठवाडा एकच आहे, पण कृषी खात्यानं त्याचे दोन विभाग केलेत. छत्रपती संभाजीनगर विभागात संभाजीनगर, जालना आणि बीड हे जिल्हे येतात, तर लातूर विभागात लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी आणि हिंगोली.

या कार्यालयांमध्ये दोन तऱ्हेचे कर्मचारी आहेत. एक शिवारात फिरणारे, म्हणजे कृषी सहायक आणि पर्यवेक्षक. २०२५ मध्ये त्यांची पदनामं बदलून सहाय्यक कृषी अधिकारी आणि उप कृषी अधिकारी अशी झाली. तीही त्यांच्या संघटनेची जुनी मागणी होती. दुसरे कार्यालयात बसणारे: लिपिक, वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक, लघुलेखक आणि त्यांच्याबरोबर वाहनचालक, शिपाई. शेतकऱ्याला पहिला माणूस ओळखीचा असतो, दुसरा फारसा नसतो. पण अनुदानाचं देयक कोषागारात जाणं, बियाणं-खताच्या परवान्याची संचिका पुढं सरकणं, आवक-जावक, लेखा, आस्थापना हे सगळं दुसऱ्याच्या टेबलावरून जातं. हा लेख प्रामुख्यानं त्यांच्या संघटनेबद्दल आहे.

संघटना काय करू शकते, काय नाही

संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात आहे आणि तो सरकारी कर्मचाऱ्यालाही आहे. मात्र त्याच्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ ची चौकट आहे. संपाबाबत कायद्याची भूमिका कडक आहे. सरकारी नोकरांच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येत नाही, पण संप हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात म्हटलं. २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात संपाबद्दलची भूमिका आणखी कठोर शब्दांत आली.

त्यामुळे संघटनेचं काम पायरीपायरीनं चालतं. आधी निवेदन, मग स्मरणपत्र, मग अधिकाऱ्याची भेट आणि बैठकीचं इतिवृत्त. त्यानं भागलं नाही तर काळ्या फिती, धरणे, लेखणी बंद, सामूहिक रजा. संप ही शेवटची पायरी, आणि त्यात ‘काम नाही, वेतन नाही’ हे धरूनच चालावं लागतं. संघटनेला शासनमान्यता असली की एक मोठी सोय होते. तिचं पत्र अधिकृत पत्रव्यवहार ठरतं आणि चर्चेला वेळ मागता येते.

यातली सर्वांत कमी लेखली जाणारी गोष्ट म्हणजे इतिवृत्त. बैठकीत साहेब ‘बघतो’ म्हणाले, हे कुणीही सांगेल. पण ‘ज्येष्ठता यादी महिनाअखेर प्रसिद्ध करण्यात येईल’ हे वाक्य इतिवृत्तात आलं आणि खाली सही झाली की पुढच्या बैठकीत त्याचा जाब विचारता येतो. चांगला सरचिटणीस भाषणापेक्षा इतिवृत्ताच्या मसुद्यावर जास्त वेळ घालवतो.

राज्यभर मिळून जिंकलेलं

आपल्या वाट्याला आलेलं बरंचसं एकट्या कृषी खात्याच्या संघटनेचं नाही, हे आधी मोकळेपणानं मान्य करायला हवं. महागाई भत्ता घ्या. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १९७७-७८ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला. केंद्राच्या दरानं महागाई भत्ता द्या, ही त्यातली मुख्य मागणी होती. जवळजवळ दोन महिने पगाराविना घर चालवलेल्या त्या पिढीतले बहुतेक लोक आज सेवेत नाहीत. केंद्रानं भत्ता वाढवला की राज्यात तो कधी मिळणार, एवढंच आपण आज विचारतो. मिळणारच, हे गृहीत धरता येतं ते त्या लढ्यामुळे.

निवृत्तिवेतनाचंही तसंच. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. त्यांच्या पगारातून अंशदान कापलं जाऊ लागलं आणि निवृत्तीनंतर हातात किती येईल ते बाजारावर सोडलं गेलं. १४ मार्च २०२३ पासून राज्यभर संप झाला आणि आठवडाभरात मागे घेतला गेला. संपानं जुनी योजना सरसकट परत आली नाही, म्हणून अनेकांना तो फसला असं वाटतं. मला तसं वाटत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ मार्च २०२३ ला, नव्या योजनेतला कर्मचारी सेवेत असताना वारला तर त्याच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याची तरतूद झाली. त्याआधी अशा घराला दरमहा मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन नव्हतं. तिशी-पस्तिशीतल्या लिपिकाच्या विधवेला या एका निर्णयानं काय दिलं, ते तिच्या घरी गेल्यावरच कळतं.

पुढे २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानं आणखी एक गट सुटला. पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, पण नेमणूक मात्र त्यानंतर झाली, अशांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. सरकारी भरती रेंगाळते हे सगळ्यांना माहीत आहे. जाहिरात आधीची आणि आदेश नंतरचा, अशी माणसं प्रत्येक खात्यात होती. भरतीला उशीर सरकारनं केला आणि त्याची शिक्षा उमेदवारानं भोगली, हा मुद्दा साधा होता. तो मान्य व्हायला अठरा वर्षं गेली.

पदोन्नती नाही, पण वेतनश्रेणी आहे

लिपिकाच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे वरची पदं कमी. तालुका कार्यालयात लिपिक असतात, पण सहायक अधीक्षकाच्या जागा मोजक्या कार्यालयांत. शिवाय वरिष्ठ लिपिक आणि सहायक अधीक्षक या जागाही सगळ्या पदोन्नतीनं भरत नाहीत, काही सरळसेवेनं, म्हणजे थेट बाहेरून भरतात. २०२३ च्या कृषी विभागाच्या जाहिरातीत ही दोन्ही पदं होती. म्हणजे खालून वर येणाऱ्याची वाट आणखी अरुंद होते. पूर्वी माणूस लिपिक म्हणून लागायचा आणि वीस-पंचवीस वर्षांनी जवळपास त्याच श्रेणीत निवृत्त व्हायचा.

यावर उतारा म्हणून १९९५ मध्ये कालबद्ध पदोन्नतीचा निर्णय झाला, तोही १ ऑक्टोबर १९९४ पासून लागू. एकाच पदावर १२ वर्षं झाली की वरच्या पदाची वेतनश्रेणी. २००१ मध्ये त्याच्या जागी सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आली. २०१० मध्ये दुसरा लाभ जोडला गेला, म्हणजे १२ आणि २४ वर्षांनी. सातव्या वेतन आयोगानंतर २ मार्च २०१९ च्या निर्णयानं ही मुदत १०, २० आणि ३० वर्षं झाली, १ जानेवारी २०१६ पासून. हा प्रवास नीट पाहिला तर लक्षात येतं की कोणत्याही एका टप्प्यावर सगळं मिळालं नाही. एक लाभ मिळाला, त्यावर उभं राहून दुसरा मागितला, मग मुदत कमी करून घेतली.

प्रत्यक्षात किती फरक पडतो? लिपिकाचा वेतनस्तर एस-६, सुरुवात १९,९०० रुपयांपासून. वरिष्ठ लिपिकाचा एस-८, सुरुवात २५,५००. समजा दहा वर्षं पूर्ण झाली तेव्हा लिपिकाचं मूळ वेतन २६,००० आहे. पहिल्या लाभात त्याला आधी त्याच स्तरात एक वेतनवाढ धरली जाते, म्हणजे २६,८००. मग एस-८ मधला त्याच्या लगतचा वरचा टप्पा दिला जातो, तो २७,१००. मूळ वेतनात फरक ११०० रुपयांचा. एवढ्यासाठी का हा खटाटोप, असं वाटू शकतं. पण महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मूळ वेतनावर चढतात, पुढच्या सगळ्या वेतनवाढी या नव्या पायावर होतात, आणि वीस वर्षांच्या लाभात सहायक अधीक्षकाचा एस-१३ हा ३५,४०० पासून सुरू होणारा स्तर मिळाला की खरी उडी दिसते. उपदान आणि रजा रोखीकरण शेवटच्या पगारावर ठरतात, तेव्हा हा फरक निवृत्तीपर्यंत पोचतो.

आता यातली मराठवाड्याला बोचणारी अट. नियमित पदोन्नती नाकारली तर या योजनेचा लाभही मिळत नाही, आणि आधी मिळालेला अडचणीत येतो. लातूर विभागात एका टोकाला किनवट, दुसऱ्या टोकाला परंडा. परंड्याच्या माणसाला वरिष्ठ लिपिक म्हणून किनवटचा आदेश आला की घरात म्हातारे आईवडील, दहावीतलं पोर, बायकोची नोकरी असं सगळं समोर येतं आणि तो नकार लिहून देतो. तो नकार फक्त त्या पदापुरता आहे असं त्याला वाटतं, आणि दोन वर्षांनी आश्वासित प्रगतीचा प्रस्ताव परत आल्यावर खरा अर्थ कळतो. नकारपत्रावर सही करण्याआधी आस्थापना लिपिकाशी आणि संघटनेशी बोला, एवढं सांगणं हेसुद्धा संघटनेचं काम आहे. ते पुरेसं होत नाही, असं माझं मत आहे.

ज्येष्ठता यादी

ज्येष्ठता यादी हा नोकरीचा सातबारा आहे. एकदा चुकीची नोंद पडली आणि वर्षानुवर्षं कुणी हरकत घेतली नाही, की ती दुरुस्त करणं अवघड होत जातं. दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीची यादी काढायची, आधी तात्पुरती, त्यावर हरकती मागवायच्या आणि मग अंतिम करायची, असा रिवाज आहे. त्या यादीवरून विभागीय पदोन्नती समितीपुढं नावं जातात. समितीपुढं प्रस्ताव जाताना गोपनीय अहवाल, मत्ता व दायित्व विवरणपत्रं, विभागीय परीक्षेचा निकाल, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला आणि बिंदुनामावलीची, म्हणजे आरक्षणाच्या तक्त्याची तपासणी लागते. यातला एक कागद कमी असला की बैठक पुढं जाते. आणि बैठक पुढं गेली की त्यादरम्यान निवृत्त होणारा माणूस पदोन्नतीविना घरी जातो.

इथं खातेनिहाय संघटनेचं खरं मोल आहे. राज्यव्यापी संघटना मुंबईत वेतन आयोगावर बोलेल, पण लातूरच्या सहसंचालक कार्यालयात कुणाचे गोपनीय अहवाल यायचे राहिलेत, कोणत्या जिल्ह्यानं विवरणपत्रं पाठवली नाहीत, हे तिथला जिल्हा सचिवच फोनवर फोन करून गोळा करतो. वेळेवर झालेल्या पदोन्नती समितीच्या एका बैठकीमागं असे कितीतरी फोन असतात. अहवालात त्याची एक ओळसुद्धा नसते.

बदल्या

२००५ मध्ये राज्यात बदल्यांचा कायदा झाला. त्याचं नाव लांबलचक आहे, पण त्यात दोन विषय एकत्र आहेत हे ध्यानात घेण्यासारखं आहे: बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध.

आधी बदली. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा. मंत्रालयाबाहेरच्या गट-क (लिपिक वगैरे) कर्मचाऱ्याला एका कार्यालयात दोन पदावधी, म्हणजे सहा वर्षं. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये. अधेमधे किंवा मुदतीआधी बदली करायची तर कारणं लेखी नोंदवायची आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यायची. या कायद्याआधी कुणाशी बिनसलं की ऐन पेरणीत आदेश निघायचा, शाळा सुरू झालेली असायची, आणि त्याविरुद्ध बोलायला काही आधार नसायचा. आज लेखी कारण नसलेला आदेश महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढं टिकणं अवघड. न्यायाधिकरणाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे, त्यामुळे हिंगोलीच्या शिपायालाही मुंबई गाठावी लागत नाही. मात्र दाद मागण्याआधी खात्याकडे अभ्यावेदन द्यावं लागतं, आणि साधारणपणे अंतिम आदेशापासून एका वर्षात यावं लागतं. नुसतं तोंडी सांगत बसलेल्या माणसाची मुदत अशीच निघून जाते.

बदल्या समुपदेशनानं व्हाव्यात, ही त्यापुढची पायरी. रिक्त जागांची यादी समोर लावायची, ज्येष्ठतेनं एकेकाला बोलवायचं, पर्याय विचारायचा. पती-पत्नी एकत्रीकरण, दिव्यांग, गंभीर आजार, विधवा यांचा विचार आधी. जिथं हे नीट होतं तिथं दलालाला जागाच उरत नाही. जिथं यादी लपवली जाते, तिथं समुपदेशन नुसतं नावाला. म्हणून रिक्त पदांची यादी आदल्या दिवशी फलकावर लागली पाहिजे, ही मागणी छोटी दिसते पण सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

कायद्याच्या दुसऱ्या भागाबद्दल आपण लोक कमी बोलतो, म्हणून मुद्दाम सांगतो. कोणतीही संचिका एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं त्यात लिहिलंय. ज्या कायद्याच्या बदलीच्या कलमावर आपण हक्क सांगतो, त्याच कायद्यानं आपल्या टेबलावर ही जबाबदारी ठेवलीय. दोन्ही मानायला हवं.

सेवापुस्तक

कर्मचाऱ्याचं आयुष्य एका जाड वहीत असतं. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, उंची, ओळखीची खूण, बोटांचे ठसे, सही. पुढं नेमणुकीचा आदेश, दरवर्षीच्या वेतनवाढीची नोंद, रजेचा हिशेब, गट विम्याची वर्गणी, नामनिर्देशन, टंकलेखन, भाषा आणि संगणक परीक्षा उत्तीर्ण झाल्याची तारीख. प्रत्येक नोंदीला अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. एखादी वेतनवाढ पेन्सिलनं लिहून ‘नंतर सही घेऊ’ म्हणून राहिलेली असते. बदली होते, अधिकारी निवृत्त होतो, आणि ती ओळ तशीच राहते.

हे उघडकीला येतं निवृत्तीच्या तोंडावर. मराठवाड्यातल्या कर्मचाऱ्याचं निवृत्तिवेतन प्रकरण नागपूरच्या महालेखाकार कार्यालयात जातं. नियमाप्रमाणे तयारी दोन वर्षं आधी सुरू व्हायची आणि प्रकरण सहा महिने आधी पोचायचं. त्याआधी वेतन पडताळणी पथकाचा शिक्का हवा. पथकानं शेरा मारला की ‘अमुक वर्षी वेतननिश्चिती चुकली, जादा दिलेली रक्कम वसूल करा’, तर पंधरा-वीस वर्षांची वसुली एकदम समोर येते. एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा उशिरा झाली, म्हणून मधल्या काळातल्या वेतनवाढी परत मागितल्याची प्रकरणं अनेक खात्यांत झालीत.

इथं उपयोगी पडणारा निकाल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह निकाल. गट-क आणि गट-ड कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, त्यांचा दोष नसताना चुकून दिली गेलेली जादा रक्कम वसूल करता येणार नाही, असं त्यात म्हटलंय. पण २०१६ च्या दुसऱ्या एका निकालात, जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याची वसुली योग्य ठरली. वेतननिश्चितीच्या वेळी आपण सगळेच हमीपत्रावर सही करतो, त्यामुळे प्रत्येक प्रकरण वेगळं पाहावं लागतं. ‘वसुली होतच नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

अशीच आणखी एक बारीक पण महत्त्वाची कमाई ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांची. वर्षभर काम करून १ जुलैची वेतनवाढ कमावली, पण १ जुलैला माणूस सेवेत नाही म्हणून ती नाकारली जायची. ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती द्यावी असा निर्णय दिला आणि त्याच वर्षी राज्यानंही निवृत्तिवेतनासाठी ती धरण्याचं मान्य केलं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी जूनमधली जन्मतारीख टाकायची पद्धत होती. त्यामुळे ३० जूनला निवृत्त होणारे प्रत्येक कार्यालयात सापडतात.

दर जिल्ह्यात वर्षातून एकदा सेवापुस्तक पडताळणीचं शिबिर घ्यायला लावणं, दुसरी प्रत कर्मचाऱ्याच्या हातात पडेल हे पाहणं, हे कोणत्याही मोर्चाइतकंच मोठं काम आहे. माझ्या लेखी तर जास्तच. वेतन आयोगानं दिलेलं सेवापुस्तकातल्या एका कोऱ्या ओळीमुळे अडकू शकतं.

मराठवाड्याची जुनी गोष्ट

सेवाशर्तींचा प्रश्न या भागाला नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्याबरोबर इथले सरकारी नोकरही आले. नियम वेगळे, श्रेणी वेगळ्या, बरंचसं दप्तर उर्दूतलं. मुंबईच्या लोकांच्या यादीत यांना कुठं बसवायचं, हा वाद लगेच उभा राहिला. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ मध्ये अशा कर्मचाऱ्यांना संरक्षण होतं: केंद्राच्या पूर्वमान्यतेशिवाय त्यांच्या सेवाशर्ती त्यांचं नुकसान होईल अशा बदलता येणार नाहीत. मराठी भाषकांच्या एका राज्यासाठी झालेल्या १९५३ च्या नागपूर करारातही नोकऱ्यांमध्ये न्याय्य वाटा देण्याची भाषा होती. इथल्या कर्मचारी चळवळीला ज्येष्ठता आणि प्रादेशिक वाटा या दोन विषयांची एवढी ओढ का, त्याचं एक मूळ तिथं आहे.

रिकामी खुर्ची

आता जिथं संघटनेला अजून पोचायचंय तिथं येतो. आकृतिबंध, म्हणजे कोणत्या कार्यालयात कोणती किती पदं, हा कागद. आकृतिबंधात जागा असते, खुर्चीवर माणूस नसतो. एक लिपिक आस्थापना, लेखा आणि आवक-जावक तिन्ही बघतो, आणि त्यात महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरचे योजनांचे अर्ज, पीक नुकसानीचे अहवाल, पोकरा या कृषी संजीवनी प्रकल्पाची देयकं येऊन पडतात.

यात शेतकऱ्याचं काय जातं ते एका योजनेवरून सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला, वीज पडली, सर्पदंश झाला, विहिरीत पडला, तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पूर्वी हे विमा कंपनीमार्फत चालायचं, २०२३ पासून शासन स्वतः देतं. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात येतो. सातबारा, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वारसाची कागदपत्रं तपासून प्रकरण तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं ठेवायचं असतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत नवरा गेलेली बाई खेड्यावरून येते, आणि त्या टेबलाचा माणूस दुसऱ्या तालुक्याच्या अतिरिक्त कार्यभारावर गेलेला असतो. तिला ‘सोमवारी या’ असं सांगितलं जातं. तो माणूस कामचुकार नसतो. त्याच्याकडे दोन तालुके असतात.

म्हणून रिक्त पदं भरणं ही मागणी निवेदनात नवव्या-दहाव्या क्रमांकावर नको, पहिल्या क्रमांकावर हवी. भत्त्यासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेला गावात सहानुभूती मिळतेच असं नाही, पण ‘आमच्या तालुक्याला लिपिक द्या’ म्हणणाऱ्या संघटनेबरोबर शेतकरी स्वतः येईल. कृषी सहायकांच्या संघटनेनं लॅपटॉपची मागणी लावून धरली तेव्हा तिचा युक्तिवाद सोपा होता: सगळी कामं ऑनलाइन सांगता, मग साधनं द्या. ती मागणी मान्य झाली. मनुष्यबळाबाबत कार्यालयीन कर्मचाऱ्यांना तसाच युक्तिवाद मांडता येतो: कोणत्या योजनेचे किती अर्ज, त्यावर किती माणसं, किती दिवस लागतात, हे प्रत्येक तालुक्याच्या आवक नोंदवहीतून काढता येतं. ती नोंदवही आपल्याच हाताखाली असते.

नव्या सहकाऱ्यांसाठी लगेच करण्यासारखं एवढंच. या वर्षीची तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली की नाव, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, प्रवर्ग आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याची तारीख हे पाचही रकाने स्वतः वाचा. सेवापुस्तक मागून घ्या आणि शेवटच्या वेतनवाढीसमोर सही आहे का पाहा. नामनिर्देशन लग्नाआधीचं असेल तर बदला. काही चुकलं असेल तर अर्ज लेखी द्या, एक प्रत संघटनेच्या जिल्हा सचिवाकडे द्या, आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.